हार्ट अटॅकनंतर स्टेम सेल ट्रीटमेंट: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न येतात ते बहुतेक पेशंटच्या घरच्यांकडून. डिस्चार्ज मिळून थोडे दिवस झालेले असतात, फाइलमध्ये ईएफ (हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) ३० किंवा ३५ लिहिलेला असतो आणि कुणातरी नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर एका सेंटरचा व्हिडिओ पाठवलेला असतो. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिलीत. घाई असेल तर ७ आणि ११ तरी वाचा, पैसे भरायच्या आधी नक्की वाचा.

१. हात कापला तर भरून येतो, मग अटॅकनंतर हृदय का भरून येत नाही?

भरून येतं, पण स्नायूने नाही, व्रणाने. हृदयाचा डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, त्यात साधारण २०० ते ४०० कोटी स्नायूपेशी असतात आणि मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या १०० कोटीपर्यंत काही तासांत मरू शकतात. त्या जागी चिवट व्रण तयार होतो, तो भिंत फाटू देत नाही पण आकुंचन पावत नाही, मग उरलेल्या स्नायूवर ताण येतो, कप्पा हळूहळू फुगतो आणि हार्ट फेल्युअर सुरू होतं.

नवीन पेशी अजिबात बनत नाहीत असंही नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टीमने २००९ मध्ये हे फार हुशारीने मोजलं. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि नंतर तो कमी होत गेला, तर हृदयाच्या पेशींच्या डीएनएमध्ये तो किती सापडतो यावरून पेशीचं वय काढता येतं. उत्तर आलं की पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या बनतात आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. म्हणजे बनतात, पण अटॅकचं नुकसान भरायला ते काहीच नाही. झेब्राफिश नावाचा छोटा मासा, मूळचा आपल्याच उपखंडातला, त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी साधारण दोन महिन्यांत परत वाढतो. उंदराच्या पिल्लालाही हे पहिल्या काही दिवसांत जमतं, आठवडाभरात ती ताकद जाते. सगळ्या संशोधनाची आशा इथूनच आली.

२. ब्लड कॅन्सरला बोन मॅरो ट्रान्सप्लांट चालतं, मग हृदयाला का नाही चालणार?

कारण बोन मॅरोतल्या स्टेम सेलचं काम रक्त बनवणं हे आहे आणि ब्लड कॅन्सरमध्ये आपल्याला रक्तच नव्याने बनवायचं असतं. हृदयाचा स्नायू बनवणं हे त्यांचं काम नाही, आणि नुसतं हृदयात सोडलं म्हणून त्या ते शिकत नाहीत (पुरावा ४ मध्ये).

‘स्टेम सेल’ म्हटलं की लोक एकच गोष्ट धरतात, इथेच सगळा गोंधळ होतो. पहिला प्रकार बोन मॅरोतल्या रक्त बनवणाऱ्या पेशींचा. दुसरा मेसेनकायमल पेशी, या बोन मॅरो, चरबी किंवा नाळेतून काढतात, त्या मुख्यतः सूज आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम करणारी रसायनं सोडतात. तिसरा भ्रूणापासूनच्या पेशी, ज्यांच्यापासून कुठलीही पेशी बनवता येते. आणि चौथा आयपीएस, म्हणजे मोठ्या माणसाची त्वचेची किंवा रक्ताची साधी पेशी घेऊन लॅबमध्ये तिला परत सुरुवातीच्या अवस्थेत नेतात. याची पद्धत क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशीवर दाखवली, २०१२ चं नोबेल मिळालं. लॅबमध्ये खरोखर धडधडणारा हृदयाचा स्नायू बनतो तो या शेवटच्या दोन प्रकारांपासून. सेंटरवाले देतात ते जवळपास नेहमी पहिले दोन.

३. पेशी हृदयात टाकतात कशा? ऑपरेशन लागतं का?

पद्धतीवर आहे. सगळ्यात जास्त ट्रायलमध्ये वापरलेली पद्धत अँजिओप्लास्टीसारखीच असते. कमरेच्या हाडात सुई घालून साधारण ५० मिली बोन मॅरो काढतात, लॅबमध्ये पेशी वेगळ्या करतात, मग कॅथेटर आधी टाकलेल्या स्टेंटपर्यंत नेऊन तिथे बलून फुगवतात, पुढचा रक्तप्रवाह तीन मिनिटं थांबवतात आणि तेवढ्यात पेशी सोडतात, असं तीनदा. या वेळात पेशंटच्या छातीत परत दुखू शकतं.

दुसरी पद्धत म्हणजे कॅथेटरने आतून थेट स्नायूत इंजेक्शन. तिसरी बायपासच्या वेळी बाहेरून इंजेक्शन, आणि चौथी लॅबमध्ये तयार केलेला स्नायूचा पॅच हृदयावर शिवणं. हाताच्या शिरेतून सलाइनसारखं देतात त्यात बऱ्याचशा पेशी आधी फुप्फुसातच अडकतात.

आणि थेट हृदयात सोडल्या तरी काही तासांतच बहुतेक पेशी वाहून जातात किंवा मरतात, साधारण दहातली एकही जागेवर राहत नाही. कोट्यवधी पेशी सोडल्या हा आकडा ऐकून भारावून जाऊ नका, राहिल्या किती हे विचारा.

४. मग एवढा गाजावाजा झाला कशावरून?

२००१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक पेपर आला, पिएरो अन्व्हर्सा यांच्या टीमचा. उंदरांना अटॅक आणून बोन मॅरोच्या पेशी टोचल्या आणि मेलेल्या भागात नवा स्नायू उगवला असा दावा होता. त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला बोडो स्ट्राउअर यांनी माणसाला पेशी देऊन टाकल्या, म्हणजे उंदरातला प्रयोग दुसऱ्या कुणी पडताळायच्या आधीच. नंतर जगभर शेकड्याने पेशंटवर ट्रायल सुरू झाले.

पडताळणी आली २००४ मध्ये, त्याच ‘नेचर’मध्ये, दोन वेगळ्या टीमकडून. दोघांनीही बोन मॅरोच्या पेशींना खुणा करून शोधलं, तर त्या हृदयाचा स्नायू बनत नाहीत असंच दिसलं. खरं म्हणजे तिथेच थांबून विचार व्हायला हवा होता, पण गाडी सुटली होती.

५. ते सगळं फ्रॉड निघालं असं वाचलं, खरं का?

अन्व्हर्सा यांच्या लॅबबद्दल म्हणत असाल तर हो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यावेत असं सांगितलं, कारण त्यात खोटा किंवा फेरफार केलेला डेटा होता. त्याआधी २०१७ मध्ये हॉस्पिटलने अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. हृदयातच स्वतःच्या ‘सी-किट’ स्टेम सेल असतात आणि त्या वाढवून परत देता येतात हा त्यांचा दुसरा मोठा दावा, त्यावर ‘लॅन्सेट’मध्ये २०११ ला आलेला माणसांवरचा ट्रायल २०१९ मध्ये मागे घेतला गेला.

पण म्हणून प्रत्येक संशोधक खोटारडा असं नाही. बाकीच्या कितीतरी टीमनी प्रामाणिकपणे ट्रायल केले आणि निराशाजनक निकालही छापले, पुढच्या प्रश्नातलं सगळं त्यांच्यामुळेच कळलं.

६. माणसांवरच्या ट्रायलमध्ये शेवटी काय निघालं?

सुरुवातीला थोडी आशा होती. हॅनोव्हरच्या बूस्ट ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी पेशी दिलेल्यांचा ईएफ सरासरी ६.७ पॉइंटने वाढला आणि न दिलेल्यांचा ०.७ ने, पण १८ महिन्यांनी पाहिलं तर तो फरक टिकला नव्हता. २००६ च्या रिपेअर-एएमआय मध्ये २०४ पेशंट होते, पेशी दिलेल्यांचा ईएफ ५.५ ने आणि न दिलेल्यांचा ३ ने वाढला. त्याच वर्षी नॉर्वेच्या ॲस्टमी ट्रायलमध्ये काहीच फरक नाही. आपल्याकडे एमआय३ नावाचा २५० पेशंटचा ट्रायल झाला, २०१५ मध्ये निकाल छापून आला, ट्रीटमेंट सेफ होती पण एकूण गटात ठोस फायदा दिसला नाही.

ईएफ वाढणं एक आणि माणूस जास्त जगणं दुसरं, म्हणून युरोपात बामी नावाचा मोठा ट्रायल ठरला. ३००० पेशंट हवे होते, मिळाले ३७५. २०२० मध्ये निकाल आला, दोन वर्षांत मृत्यू पेशी दिलेल्यांत ३.२६ टक्के आणि न दिलेल्यांत ३.८२ टक्के, एवढ्या कमी लोकांत या फरकाला काही अर्थ नाही. २०२३ मध्ये ड्रीम-एचएफ आला, ५३७ पेशंट, दुसऱ्यांच्या मेसेनकायमल पेशी थेट स्नायूत टोचल्या. मुख्य प्रश्न होता की हार्ट फेल्युअरसाठी परत परत ॲडमिट होणं कमी होतं का, तर नाही. अटॅक आणि स्ट्रोक मात्र कमी दिसले, पण ट्रायल त्यासाठी आखलेला नव्हता, त्यामुळे तो धागा नव्याने तपासावा लागेल.

एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये ‘बीएमजे’त काही डॉक्टरांनी बोन मॅरोच्या ४९ ट्रायलचे पेपर ओळ न ओळ वाचून त्यातल्या विसंगती मोजल्या, म्हणजे एका तक्त्यात एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा, असल्या. ६०० च्या वर सापडल्या. ज्या ट्रायलमध्ये सगळ्यात जास्त चुका होत्या त्यात ईएफ सरासरी ७.७ ने वाढलेला, आणि ज्यात एकही चूक नव्हती त्यात फायदा शून्याच्याही किंचित खाली.

७. पण आमच्या ओळखीत एकाने घेतली आणि ईएफ ३० वरून ४२ झाला, त्याचं काय?

झाला असेल, त्यांना खोटं ठरवायचं नाहीये. पण अटॅकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो एको होतो तेव्हा हृदयाचा काही भाग मेलेला असतो आणि काही भाग जिवंत असून बधिर झालेला असतो, म्हणजे रक्त परत मिळालं तरी तो भाग काही दिवस ते काही आठवडे नीट हलत नाही. वेळेत अँजिओप्लास्टी झाली असेल तर हा भाग आपोआप जागा होतो आणि ईएफ चढतो. त्यात औषधं सुरू असतात, त्यांनीही फुगलेला कप्पा आकसायला मदत होते. वर रिपेअर-एएमआयचा आकडा परत बघा, ज्यांना पेशी दिल्याच नाहीत त्यांचाही ईएफ ३ पॉइंटने वाढला, ही सरासरी आहे, कुणाकुणाचा १०-१२ ने वाढतो.

शिवाय एकोवरचा ईएफ हा डोळ्याने आणि हाताने आखून काढलेला अंदाज असतो. त्याच पेशंटचा दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या डॉक्टरने काढला तर ५ पॉइंट इकडेतिकडे सहज होतात.

म्हणूनच सेंटरचे आधीचा एको आणि नंतरचा एको दाखवणारे व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाहीत. ट्रायलमध्ये अर्ध्या लोकांना पेशी न देता तुलना करतात ती एवढ्यासाठीच. मला राग याचा येतो की अटॅकनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा हृदय आपोआप सुधारणार असतं, नेमकं तेव्हाच घरच्यांना गाठून ‘आत्ता केलं तरच उपयोग’ असं सांगितलं जातं.

८. पेशी स्नायू बनत नाहीत तर थोडासा तरी फायदा कशामुळे दिसायचा?

बरीच वर्षं उत्तर दिलं जायचं की पेशी काही रसायनं सोडतात. २०२० मध्ये सिनसिनाटीच्या जेफरी मॉलकेन्टिन यांच्या टीमने ‘नेचर’मध्ये वेगळंच दाखवलं. उंदरांच्या हृदयात त्यांनी जिवंत पेशी टोचल्या, मेलेल्या पेशी टोचल्या, आणि तिसऱ्या गटाला झायमोसान म्हणजे यीस्टच्या आवरणातला पदार्थ टोचला ज्यात पेशी नाहीतच. तिन्हीत हृदय थोडं सुधारलं. कारण टोचल्यावर तिथे सूज येते, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी जमतात आणि व्रणाच्या कडेची रचना बदलते. म्हणजे काम शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचं होतं. हे उंदरातलं आहे, माणसात तसंच असेल असं धरू नका, पण जिवंत पेशींशिवायही तोच परिणाम येतो हे फार बोलकं आहे.

९. जपानमध्ये आणि जर्मनीत हृदयावर पॅच लावतात ते तरी खरं आहे का?

हो, आणि ते या आधीच्या सगळ्यापेक्षा मुळातच वेगळं आहे, कारण तिथे लॅबमध्ये आयपीएसपासून खरा हृदयाचा स्नायू बनवून मग लावतात.

जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या वोल्फराम-हुबर्टस झिमरमान यांच्या टीमचं काम जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. आधी माकडांवर केलं, मग माणसांवर ट्रायल सुरू झाला. पेपरमध्ये एका ४६ वर्षांच्या बाईंची केस आहे, हार्ट फेल्युअर खूप पुढे गेलेलं, त्यांच्या हृदयावर ४० कोटी पेशींचा पॅच शिवला. तीन महिन्यांनी त्यांना दात्याचं हृदय मिळालं, ट्रान्सप्लांट झालं, आणि काढलेलं जुनं हृदय तपासता आलं. त्यात पॅचमधला स्नायू जिवंत होता आणि त्यात रक्तवाहिन्या पोचल्या होत्या. बाहेरून लावलेला स्नायू माणसाच्या हृदयावर जगतो याचा हा एवढा स्पष्ट पुरावा. त्याने माणूस जास्त जगतो का, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय.

जपानमध्ये ओसाकाच्या योशिकी सावा यांच्या टीमने जानेवारी २०२० मध्ये आयपीएस स्नायूच्या पातळ चकत्या पहिल्यांदा पेशंटला लावल्या, ८ पेशंटवर ट्रायल केला आणि २०२५ मध्ये मान्यतेसाठी अर्ज केला. या चकत्यांमधून निघणाऱ्या रसायनांनी नवीन रक्तवाहिन्या वाढाव्यात हा मुख्य हेतू आहे. टोकियोच्या केओ विद्यापीठातल्या कीइची फुकुदा यांनी सुरू केलेली हार्टसीड कंपनी स्नायूपेशींचे बारीक गोळे बायपासच्या वेळी टोचते.

जपानची एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे थोड्या पेशंटवरच्या पुराव्यावर ठरावीक मुदतीची सशर्त मान्यता मिळते आणि पक्का पुरावा नंतर द्यायचा असतो. मांडीच्या स्नायूपासून बनवलेल्या ‘हार्टशीट’ला २०१५ मध्ये अशीच मान्यता मिळाली होती, २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने उपयोग सिद्ध झाला नाही म्हटलं आणि ती गेली. तेव्हा ‘जपानमध्ये मान्यता आहे’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या प्रकारची ते विचारा.

१०. रिस्क काय आहे?

बोन मॅरोच्या पेशींमध्ये मोठे धोके कमी दिसले, हे मान्य करायला हवं. पण बलून फुगवणं, सुई टोचणं, इन्फेक्शन हे आहेतच.

खऱ्या स्नायूपेशींमध्ये धोका वेगळा. २०१४ मध्ये सिएटलला चार्ल्स मरी यांच्या टीमने माकडांच्या हृदयात १०० कोटी पेशी टोचल्या, पेशी जगल्या, जोडल्या गेल्या, पण ठोके बिघडले, कारण या पेशी कोवळ्या असतात आणि स्वतःच्याच तालात धडधडतात. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी २००० साली मांडीच्या स्नायूपेशी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात घातल्या, तिथेही ठोक्यांचा त्रास आला होता. दुसरं म्हणजे एकही कच्ची पेशी राहिली तर गाठ होऊ शकते. आणि पेशी दुसऱ्याच्या असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, शुगर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना ती जड जातात.

११. भारतात पैसे भरून ही ट्रीटमेंट घेता येते का?

कायद्याने नाही. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत: रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात, बाहेर दिल्या तर तो गैरव्यवहार धरतात. आणि ट्रायल असेल तर प्रयोगाच्या ट्रीटमेंटचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते.

म्हणून एकच खूण धरा, हृदयाच्या स्टेम सेलसाठी कुणी लाखांचं पॅकेज सांगतंय तर तिथून उठा. जमीन, दागिने, मुलीच्या शिक्षणाचे पैसे यासाठी मोडू नका, मी हे कळकळीने सांगतोय. पैसे भरून झाले असतील तर सगळी बिलं, संमतीपत्राची कॉपी आणि मेसेज जपा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते.

१२. ‘आमच्याकडे सीटीआरआय नंबर आहे’ असं म्हणतात, मग चालेल ना?

सीटीआरआय ही क्लिनिकल ट्रायलची फक्त नोंदवही आहे, तिथे नोंद म्हणजे परवानगी नाही. नंबर साइटवर टाकून बघा: आजार तुमचाच आहे का (गुडघ्यासाठीचा नंबर हृदयाला दाखवणारे असतात), सेंटरचं नाव आहे का, एथिक्स कमिटी आणि औषध नियंत्रकाची मंजुरी लिहिलीय का, पेशंट घेणं अजून सुरू आहे का. नंतर ११ मधला पैशांचा मुद्दा लावा.

१३. स्वतःच्याच पेशी परत देतात, ते औषध कसं झालं?

हा युक्तिवाद फार चालतो, विशेषतः पोटाच्या चरबीतून काढणाऱ्यांचा. पण पेशी बाहेर काढून, त्यावर प्रक्रिया करून, ज्या अवयवाच्या त्या नाहीत तिथे सोडल्या की नियमांच्या दृष्टीने ते औषधच आहे आणि मंजुरी लागते. एक्झोसोमचंही (पेशींमधून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या) तेच, हृदयासाठी मंजूर असं एकही उत्पादन नाही.

१४. भारतात एका स्टेम सेल औषधाला मान्यता आहे असं ऐकलं, ते चालेल का?

बंगळुरूच्या कंपनीचं स्टेम्प्युसेल. त्याला मान्यता मिळाली ती बर्गर्स डिसीजमुळे पायाचं रक्त बंद होतं त्यासाठी आणि नंतर गुडघ्याच्या संधिवातासाठी. हृदयासाठी नाही.

१५. स्नायू नाही, पण छातीत दुखणं कमी व्हायला तरी उपयोग होतो का?

हा खरा अपवाद आहे. ज्यांना बायपास, स्टेंट काहीच शक्य नाही आणि औषधांनीही दुखणं थांबत नाही अशा लोकांवर सीडी३४ पेशींचे (बोन मॅरोत तयार होणाऱ्या एका प्रकारच्या स्टेम सेल) ट्रायल झाले. २०११ च्या १६७ पेशंटच्या ट्रायलमध्ये कमी डोसच्या गटात दुखणं कमी झालं. पुढचा मोठा ट्रायल मात्र कंपनीने पैशाच्या कारणाने मध्येच बंद केला, त्यामुळे प्रश्न अर्धवट राहिला. हेही ट्रायलबाहेर घ्यायचं नाही.

१६. बाळाची कॉर्ड ब्लड ठेवलीय, आजोबांच्या हृदयाला वापरता येईल का?

नाही. त्यात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, २ मधलं कारण इथेही लागू. प्रायव्हेट बँकेत स्वतःसाठी ठेवण्याला आयसीएमआरचाही पाठिंबा नाही.

१७. मग ईएफ कमी असेल तर आत्ता करायचं काय?

ज्याने आयुष्य वाढतं हे हजारो पेशंटवर सिद्ध झालंय ते पूर्ण करा. कमी ईएफसाठी चार गटांची औषधं आहेत: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा त्याच्या जवळचं, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. कितीतरी घरांत यातली दोनच चालू असतात किंवा डोस सुरुवातीचाच राहिलेला असतो, म्हणून पुढच्या व्हिजिटला ‘चारही आहेत का, डोस वाढवता येईल का’ एवढं विचारा. बीपी किंवा किडनीमुळे एखादं देता येत नसेल तर डॉक्टर सांगतील. स्वतःहून बंद काही करू नका, ईएफ सुधारला तरीही, कारण औषध सोडल्यावर तो परत पडू शकतो. पूर्ण औषधांवर तीन महिने होऊनही ईएफ ३५ किंवा खाली असेल तर आयसीडीबद्दल (ठोके धोकादायक बिघडले तर आतूनच शॉक देणारं छातीत बसवायचं यंत्र) विचारा. अगदीच पुढे गेलं असेल तर हार्ट ट्रान्सप्लांटची नोंदणी आपल्याकडे झेडटीसीसी या अवयवदानाच्या विभागीय समितीमार्फत होते, मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर अशी त्यांची केंद्रं आहेत.

१८. पुढे खरा ट्रायल निघाला तर आपला नंबर लागावा म्हणून काय तयारी ठेवावी?

कागद. ग्यॉटिंगेनच्या ट्रायलसारख्या ठिकाणी ईएफ ३५ किंवा कमी आणि पूर्ण औषधं चालू असूनही त्रास, असेच पेशंट घेतात, म्हणजे औषधं नीट घेतली होती हे दाखवावं लागतं. अँजिओग्राफीची सीडी, सगळे एको तारखेप्रमाणे, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी, आणि कुठलं औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला याची एक वही. आणि मध्येच कुठल्यातरी सेंटरला पेशी घेतल्या असतील तर बऱ्याच ट्रायलमध्ये तेवढ्यावरूनच नाव कटतं, हे पैसे मागणारं सेंटर तुम्हाला सांगणार नाही.